‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे : मदरबोर्ड बदलल्यावर तापणारा संगणक

(वसई येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाची पाटी वाचून दोन प्रकारचे लोक आलेले दिसतात. एक, ज्यांचा संगणक तापतो. दुसरे, ज्यांना बघायचंय की तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक संगणकावर बोलणार तरी काय. दोघांचंही स्वागत. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. वर्गात उदाहरणं ठरलेली : डोंगरावरचा धूर, कुंभाराचा घडा. आज डोंगराऐवजी टेबलाखालचा डबा घेऊ. त्यातून धूर निघायच्या आत अनुमान झालं तर बरं. (हशा)

विषय आपल्या घरातलाच आहे. वसई-विरारच्या पट्ट्यात डेस्कटॉप अजून पुष्कळ घरांत, दुकानांत, क्लासेसमध्ये आहे. तो बिघडला तर आपण टाकत नाही, भाग बदलतो. मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे भाग बसतात ती मोठी पाटी, ती इथे जायला कारणंही आहेत. समुद्राची खारी, दमट हवा आहे, विजेचा चढउतार आहे. जुलै २०१८ मध्ये तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, ते तुम्ही विसरला नसाल. बोर्ड गेला की कोणीतरी लॅमिंग्टन रोडवरून दुसरा आणतो, बसवतो, संगणक सुरू होतो. आणि मग काही घरांतून तक्रार येते : सुरू तर झाला, पण आता तापतो.

आमच्याच इमारतीतला एक प्रसंग सांगतो. एक ताई घरी डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, हस्तपत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. त्यांचा बोर्ड गेला. दुरुस्ती करणाऱ्या एका तरुण मुलानं त्याच सॉकेटचा, पण दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आणून बसवला. प्रोसेसर, कूलर, रॅम सगळं जुनंच. दुसऱ्या दिवसापासून पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला, आणि मोठी फाइल उघडली की यंत्र आपोआप बंद. सोमवारी प्रश्नपत्रिका द्यायच्या होत्या. ताई म्हणाल्या, ‘बोर्ड खराब दिलाय, मजुरी देणार नाही.’ मुलगा म्हणाला, ‘काकू, बोर्ड ओके आहे. तुमचा प्रोसेसर जुना झालाय, तो बदला.’

आता बघा. ताईंचं अनुमान मुलाच्या मजुरीवर येतं. मुलाचं अनुमान ताईंच्या आणखी काही हजारांवर येतं. आणि तोपर्यंत दोघांपैकी कोणीही तापमानाचा एक आकडा पाहिलेला नव्हता.

ताईंचं म्हणणं साधं होतं : बोर्ड बदलला, त्यानंतर तापायला लागला, म्हणून बोर्डामुळे तापतो. मराठीत यावर म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण म्हण सांगून थांबता येत नाही. कारण कधीकधी कावळ्यानं फांदी खरंच मोडते, फांदी आधीच किडलेली असेल तर! तेव्हा निवडायचं कसं, हा प्रश्न उरतो.

आपल्या नैयायिकांनी यावर फार बारकाईनं विचार केलाय. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ पुष्कळांनी अभ्यासला असेल. मुंबईत १८९७ साली त्याची आठल्ये-बोडस यांची आवृत्ती निघाली, ती विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरली. न्यायमतानुसार कारण म्हणजे काय? कार्याच्या आधी असतं, नेमानं असतं, आणि ‘अन्यथासिद्ध’ नसतं. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. अन्यथासिद्ध म्हणजे आधी हजर असलेलं, पण कार्य घडवण्यात ज्याचा हात नाही असं. विश्वनाथांच्या ‘भाषापरिच्छेदा’त याचे पाच प्रकार आहेत, आणि पाचवं उदाहरण गाढवाचं आहे. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं. घडा तयार होण्याआधी ते तिथे उभं असतं. पण माती दुसऱ्या कशानंही आणता आली असती. म्हणून गाढव घड्याचं कारण नाही.

तेव्हा आपला प्रश्न असा : या प्रकरणात कुंभार कोण आणि गाढव कोण?

‘मदरबोर्ड बदलला’ हे आपण एक वाक्य बोलतो. प्रत्यक्षात ती एक क्रिया नसते. बोर्ड बदलायचा तर प्रोसेसरवरचा कूलर उचलावा लागतो. उचलला की मधली थर्मल पेस्ट फाटते. प्रोसेसर काढून पुन्हा बसवावा लागतो. कूलर पुन्हा दाबून बसवावा लागतो. पंख्याची वायर नव्या जागी खोचली जाते. कॅबिनेटमधल्या सगळ्या वायरी नव्यानं फिरतात. नव्या बोर्डाचा बायोस वेगळा, त्यातल्या सेटिंग वेगळ्या. पुष्कळदा विंडोजही नव्यानं टाकतात. म्हणजे एका नावाखाली सात-आठ बदल एकाच दुपारी झाले. त्यातला कोणता तापवतोय हे ‘बोर्ड बदलल्यावर’ या शब्दांतून कळणं शक्य नाही.

आता तपासाला लागू. पहिला प्रश्न : यंत्र खरंच तापतंय का? हसू नका. पंखा ओरडतो म्हणजे तापतंच असं नाही. नव्या बायोसमध्ये पंख्याचा वेग पूर्ण ठेवलेला असू शकतो, मग थंड प्रोसेसरवरही तो गरगरतो. यंत्र बंद पडतं, तेही पक्कं लक्षण नाही. पॉवर सप्लाय कमजोर असला किंवा प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर सैल असली तरी यंत्र बंद पडतं. ज्या हेतूवरून दोन वेगवेगळी अनुमानं निघू शकतात त्याला आपण व्यभिचारी हेतू म्हणतो. आणि मागून गरम हवा येते म्हणाल, तर ती उलट बरी खूण आहे. उष्णता बाहेर पडतेय!

म्हणून आकडा बघायचा. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे सेन्सर असतात. ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या प्रोग्रॅममध्ये ते दिसतं. बायोसच्या पडद्यावरही दिसतं, पण तिथला आकडा थोडा चढा असतो, कारण त्या पडद्यावर असताना प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही. याच प्रोग्रॅममध्ये बोर्डावरचा एखादा सेन्सर १२७ अंश दाखवताना दिसेल. घाबरू नका. तो बहुधा कुठे जोडलेलाच नसतो.

किती तापमान चालतं? इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या बऱ्याच रायझन प्रोसेसरची ९५. तिथे पोहोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर बंद होतो. म्हणजे बंद होणं हा त्याचा बचाव आहे. काहीच काम चालू नसताना चाळीस-पन्नासच्या आसपास आकडा असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात झोप उडवून घ्यायचं कारण नाही. काही न करता ऐंशी दाखवत असेल तर मात्र बघायला हवं.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक कमी ठेवतो. जानेवारीत खोली २४ अंश आणि मे महिन्यात ३४ अंश असेल, तर त्याच कामाला प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी वर जाणार. बोर्ड मार्चमध्ये बदलला आणि तक्रार मे महिन्यात आली, तर ऋतूही संशयितांच्या यादीत घ्या. म्हणून वहीत दोन आकडे लिहा : खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं. वजाबाकी तिसरी. आपल्याला उपयोग त्या तिसऱ्याचा.

दुसरा प्रश्न : यंत्र काम करतंय म्हणून तापतंय का? टास्क मॅनेजर उघडा. विंडोज नवं टाकल्यावर सुरुवातीला ते अपडेट उतरवतं, फायलींची सूची करतं, अँटिव्हायरस सगळं तपासतो. आपण काही करत नसलो तरी आत गिरणी चालू असते. सीपीयूचा आकडा रिकाम्या वेळी दोन-पाच टक्क्यांवर हवा. तो सारखा पन्नास-साठ टक्के असेल, तर आधी ते काम कोण करतंय ते शोधा. स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात उपयोगी : तापमान चढतं कसं? यंत्राला एखादं जड काम द्या आणि घड्याळ लावून बघा. काही सेकंदांतच पन्नासवरून पंचाण्णववर उडी मारत असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये जातच नाहीये. स्पर्शात खोट आहे. तेच जर पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचतेय, पण डब्याबाहेर जात नाहीये. हवेत खोट आहे.

याची खात्री करायला अन्वय-व्यतिरेक वापरायचा. एक असेल तेव्हा दुसरं असतं, हा अन्वय. एक नसेल तेव्हा दुसरं नसतं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या ग्रंथात ज्या पद्धती मांडल्या, त्यांतल्या पहिल्या दोन याच्याशी पुष्कळ जुळतात. आपला प्रयोग फुकटचा आहे. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, समोर टेबल फॅन लावा, आणि तेच काम पुन्हा चालवा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं? मग कोंडलेली हवा हे कारण. एक-दोन अंशांपलीकडे फरकच नाही? मग हवेला सोडा, कूलरच्या स्पर्शाकडे वळा.

आधी स्पर्शाचं बघू. प्रोसेसरची धातूची पाठ आणि कूलरचा तळ, दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक. शास्त्राच्या एककात हवेची वाहकता सुमारे ०.०२६, चांगल्या पेस्टची चार ते आठ, तांब्याची जवळजवळ ४००. याचा अर्थ काय? पेस्ट हवेच्या दीडशे-तीनशे पट चांगली, पण तांब्याच्या पन्नास-शंभर पट वाईट. म्हणून ती फक्त खळगे भरण्यापुरती हवी. साध्या प्रोसेसरला मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरते. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नाही. (हशा) आणि कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, धागे न सुटणाऱ्या कापडानं, दोन्हीकडून पुसून नवी लावायची. कूलर नवा असेल तर त्याच्या तळावरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढली का, तेही बघा.

मग दाब. इंटेलसोबत मिळणाऱ्या बऱ्याच कूलरना चार कोपऱ्यांवर प्लॅस्टिकच्या खिळ्या असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, म्हणजे तिरक्या जोडीनं, त्या दाबायच्या; प्रत्येक ‘टक’ आवाज करून बसते. डोक्यावरच्या बाणाच्या दिशेनं फिरवली तर खिळी सुटते, हे ध्यानात ठेवा. चारपैकी एक अर्धवट राहिली की कूलर एका बाजूनं उचलला जातो. वरून दिसत नाही. बोर्डाच्या मागून पाहिलं तर खिळीचं फाकलेलं टोक भोकातून पूर्ण बाहेर आलंय की नाही ते कळतं.

आता हवेचं. प्रोसेसरच्या पंख्याची वायर बोर्डावर ‘सीपीयू फॅन’ असं इंग्रजीत छापलेल्या जागीच हवी. शेजारी कॅबिनेटच्या पंख्यांच्या तशाच जागा असतात. तिथे खोचली तर पंखा फिरतो, पण प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे वेग वाढेलच असं नाही. कॅबिनेटचे पंखे बहुधा पुढून हवा आत घेतात, मागून बाहेर टाकतात. पंख्याच्या ज्या बाजूला मधल्या मोटरला धरणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. दोन पंखे एकमेकांशी भांडत नाहीत ना, ते पाहा. एखादी सुटी वायर पात्यांना अडत नाही ना, तेही.

आणि चौथं, बायोस. इथे गाढवाचं कोडं जरा गुंतागुंतीचं होतं. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० हा प्रोसेसर घ्या. त्याची मूळ वीज ६५ वॉट, पण जोरात धावताना कमाल ११७ वॉट. किती वेळ त्या वरच्या आकड्यावर राहू द्यायचं, हे बोर्डाच्या सेटिंगवर अवलंबून असतं. जुना बोर्ड थोड्या वेळानं आवरत असेल, नवा सैल सोडत असेल. प्रोसेसर तोच, कूलर तोच, उष्णता मात्र जास्त. इथे नवा बोर्ड खरंच कारण आहे. पण तो सदोष आहे का? नाही. कारण असणं आणि दोषी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोसमध्ये ती मर्यादा ६५ वर आणली की वेग जरा कमी होतो आणि तापमानही उतरतं. बोर्ड परत करायची गरज नाही.

बोर्ड खरोखर खराब आहे, असं कधी म्हणावं? सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या दिसल्या तर. चालू असलेला पंखा ‘सीपीयू फॅन’च्या जागी फिरत नाही आणि दुसऱ्या जागी लगेच फिरतो, तर. जळका वास आला, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर यंत्र ताबडतोब बंद. अशी एखादी ठोस खूण हातात असली की दुकानदाराशी बोलणंही सोपं जातं.

ताईंच्या यंत्राचं काय झालं, ते सांगतो. झाकण काढून फॅन लावला, फरक एका अंशाचा. जड फाइल उघडली, आठ-दहा सेकंदांत आकडा नव्वदच्या पुढे. यंत्र बंद करून कूलरच्या धातूला हात लावला, तर तो जेमतेम कोमट. प्रोसेसर पेटलेला आणि कूलर कोमट! मग त्या मुलानंच मागचं झाकण काढलं. डाव्या खालच्या कोपऱ्यातली खिळी अर्धीच आत गेली होती. त्यानं जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही खिळ्या बसवल्या. तेच काम चालवलं, आकडा सत्तरच्या आतबाहेर स्थिर. मुलगा म्हणाला, ‘काकू, खिळी माझीच राहिली.’ ताईंनी मजुरी दिली, चहाही दिला. नवा प्रोसेसर घ्यावा लागला नाही, बोर्डही परत गेला नाही, प्रश्नपत्रिका सोमवारी पोहोचल्या.

चूक मुलाची होतीच. पण ती एका खिळीएवढी होती. आकडा बघेपर्यंत तिचं माप कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून एकीनं ती अख्ख्या बोर्डाएवढी केली आणि दुसऱ्यानं प्रोसेसरवर ढकलली. हातानं काम करणाऱ्या माणसाची मजुरी अडवण्याआधी आपलं अनुमान तपासणं, हे मला नुसतं तर्काचं नाही, नीतीचंही काम वाटतं. आणि कारागिरानंही गिऱ्हाइकाला खर्चात पाडण्याआधी तेच करावं.

शेवटचा नियम. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर आकडा लिहा. पेस्ट, पंखा, बायोस सगळं एकदम बदललं आणि यंत्र थंड झालं, तर यंत्र सुधारलं, पण तुम्हाला काही कळलं नाही. पुन्हा तापलं की पुन्हा पहिल्यापासून. क्रमही फुकटापासून महागाकडे : आधी आकडे, मग टास्क मॅनेजर, मग झाकण, मग वायरी, मग बायोस, मग पेस्ट आणि खिळ्या. नवे भाग सर्वांत शेवटी.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, आमचं घर किनाऱ्याजवळ आहे. खाऱ्या हवेमुळे संगणक तापतो का?

उत्तर : दमट हवा प्रोसेसरला थेट तापवत नाही. पण दमट धूळ कूलरच्या पात्यांत चिकटून थर होतो आणि हवेची वाट बंद होते. पावसाळ्याआधी आणि नंतर मऊ ब्रशनं, ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, ती वाऱ्यानं गरगरू देऊ नका. खाऱ्या हवेनं बोर्डावरचे जोड मात्र गंजतात, तो वेगळा आजार.

प्रश्न : हे सगळं घरी करावं की माणूस बोलवावा?

उत्तर : आकडे बघणं, टास्क मॅनेजर, झाकण काढून फॅन लावणं, एवढं कोणीही करू शकतं. आत हात घालायचा तर आधी प्लग काढा, थोडा वेळ थांबा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज राहू शकते. आणि माणूस बोलवलात, तर ‘बोर्ड खराब आहे’ असं त्याला सांगू नका. त्याला वहीतले आकडे दाखवा : खोली इतकी, प्रोसेसर इतका, इतक्या सेकंदांत चढला, झाकण काढल्यावर इतका उतरला. चांगला कारागीर तेवढ्यावरून कुठे बघायचं ते ओळखतो, आणि तुमचे पैसेही वाचतात.